मुलं इकडेच वाढवायची की मायदेशी न्यायची? तळ्यात-मळ्यात चालू आहे, मदत करा

अर्धविराम:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय आणि लांबलचक होणार आहे त्याबद्दल आधीच सॉरी.

आम्ही ११ वर्षं देशाबाहेर आहोत. कुठे ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण देशाचं नाव आलं की चर्चा तिथल्या थंडीवर आणि पगारावर जाते आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. मुलगी ७ वर्षांची, मुलगा अडीच, दोघांचा जन्म इकडचाच. नवऱ्याला त्याच्या कंपनीने मायदेशातल्या ऑफिसमध्ये जागा देऊ केलीये, पैशाचं कारण सांगून नाही म्हणता येईल अशी नाहीये. दोन महिन्यांत हो की नाही ते कळवायचंय.

गंमत म्हणजे लग्न झाल्यापासून आम्ही 'परत जायचंच आहे' हेच म्हणत आलोय. आधी दोन वर्षं म्हणालो, मग मुलगी झाली तेव्हा म्हटलं ती जरा मोठी होऊ दे, मग घराचं कर्ज, मग कोविड, मग धाकटा. आता खरंच कोणीतरी विचारलंय तर दोघांचीही बोबडी वळलीये. तो म्हणतो अजून दोन वर्षं थांबू, मी म्हणते थांबायचं तर कायमचंच थांबू, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाजू बदलून परत भांडतो.

मला कशाने हलवलं ते सांगते. रविवारी आईशी व्हिडिओ कॉल असतो. आई विचारते, काय केलंस गं शाळेत, आणि लेक इकडच्या भाषेत धडाधडा काहीतरी सांगते. आईला काही कळत नाही, ती हसते आणि म्हणते अगंबाई, हो का! हे असं वर्षभर चालू असेल. परवा मी मागे कपड्यांच्या घड्या घालत होते आणि नीट ऐकलं तर लेक सांगत होती की आज शाळेत हत्ती आला आणि त्याने टीचरला खाल्लं. आई म्हणाली, हो का, वा! लेकीला कळून चुकलंय की आजी कशालाही हसते, म्हणून ती आता खेळ करते तिच्याशी. मी आधी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले, काय सांगू.

पण दुसरी बाजू अशी की तिची शाळा, तिच्या दोन जिवलग मैत्रिणी, ती जिथे चालायला शिकली ते घर, सगळं इकडे आहे. तिच्यासाठी हा परदेश नाहीच, परदेश आमचा आहे. तिला उचलून 'आपल्या' देशात न्यायचं म्हणजे तिला परदेशी पाठवणंच झालं ना?

तर जे परत गेलेत, जे मुद्दाम राहिलेत आणि जे स्वतः असे वाढलेत, त्यांनी प्लीज लिहा. वय किती असताना हललात, शाळेचं काय झालं, भाषेचं काय झालं, आणि पस्तावलात का. 'मुलं कुठेही रुळतात' असं प्लीज लिहू नका, ते ऐकून ऐकून कान किटलेत.

मुक्काम_पोस्ट:

आम्ही परत आलो तेव्हा मोठा ९ वर्षांचा होता आणि धाकटी ४. आता ६ वर्षं झाली. सगळं सांगतो, चहा घेऊन बसा.

धाकटी तीन महिन्यांत रुळली. खरंच तीन महिने. तिला आता तिकडचं काहीही आठवत नाही, फोटो दाखवले तर विचारते हे कुणाचं घर. मोठ्याला जवळजवळ दोन वर्षं लागली आणि त्यातलं पहिलं वर्ष आम्ही सगळ्यांनीच कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत.

पहिली चूक, सत्राच्या मध्यात आलो. जगभर शाळा एकाच महिन्यात सुरू होत नाहीत हे तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. जपानात एप्रिल, इंग्लंडात सप्टेंबर, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या शेवटी, आणि पुन्हा प्रत्येक ठिकाणी कुठल्या तारखेला किती वय पूर्ण पाहिजे याचा नियम वेगळा. कंपनीने सांगितलं या तारखेला हजर व्हा, आम्ही निघालो. पोरगा अर्ध्या वर्षाचा अभ्यास झालेल्या वर्गात जाऊन बसला, किंवा वर्ष वाया घालवून खालच्या वर्गात बसा असं सांगितलं. आम्ही पहिला पर्याय घेतला. आज असतो तर दुसरा घेतला असता. तुमच्या मिस्टरांना हजर व्हायची तारीख मागेपुढे करून घेता आली तर पगारावर घासाघीस करण्यापेक्षा त्यावर करा.

दुसरी गोष्ट भाषेची. आम्ही घरी कटाक्षाने मराठी बोलायचो त्यामुळे पोराचं बोलणं फर्स्टक्लास होतं, नातेवाईक तोंडात बोटं घालायचे. आम्हाला वाटलं भाषा तर येतेच, मग काय अडचण. पण बोलणं वेगळं आणि इतिहासाच्या पुस्तकातला उतारा वाचून 'कारणे लिहा' लिहिणं वेगळं. कॅनडातले जिम कमिन्स म्हणून संशोधक आहेत, त्यांनी स्थलांतरित मुलांवर काम करून हेच सांगितलंय की रोजचं बोलणं साधारण दोनेक वर्षांत येतं पण वर्गातली, पुस्तकातली भाषा बाकीच्या मुलांच्या बरोबरीने यायला ५ ते ७ वर्षं लागतात. आणि खरा घोळ असा होतो की मूल फडाफडा बोलतं म्हणून शिक्षकांना वाटतं याला सगळं कळतंय, मग पेपरात आलं नाही की तो आळशी ठरतो. आमच्याकडे शब्दशः हेच झालं. गणितात हुशार असलेला पोरगा शाब्दिक उदाहरणांत मार खायला लागला कारण त्याला 'अनुक्रमे' म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटायची कारण सगळे त्याला 'फॉरेन रिटर्न' म्हणून बघत होते.

तिसरं, आमचं स्वतःचं. याबद्दल कोणी बोलत नाही. आपण बाहेर जाताना तयारीत असतो की सगळं वेगळं असणार, परतताना मात्र वाटतं आपण घरीच चाललोय, आता कसली तयारी. गुलाहॉर्न नावाच्या अमेरिकन नवरा-बायकोने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की परत आलेल्या माणसाला तोच सगळा चढउतार पुन्हा एकदा बसतो. मी रोज ऑफिसातून चिडून यायचो, बायको दिवसभर नातेवाईकांना तोंड देऊन थकलेली, आणि आम्ही दोघं पोराला विचारायचो तुझं काय बिघडलंय?

आजी-आजोबांचं पण तुम्ही समजताय तसं लगेच होत नाही हां. त्यांच्या डोक्यात फोनवरचं नातवंड असतं, पंधरा मिनिटं गोड बोलणारं. प्रत्यक्षातलं दार आपटतं. पहिले सहा महिने आई आणि मोठा यांचं एक मिनिट पटलं नाही. बदललं ते वडिलांमुळे, तेही ठरवून नाही. त्यांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसेना, मग मोठ्याला म्हणाले मला पेपर वाचून दाखव. तो अडखळत वाचायचा, बाबा चुका काढायचे नाहीत कारण त्यांना पुढची बातमी ऐकायची घाई. पुढे ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, तरी त्यांनी पेपर स्वतः वाचायला घेतला नाही बरेच दिवस. पोराचं वाचन तिथे सुधारलं, ट्यूशनमध्ये नाही.

पस्तावलो का? पहिल्या वर्षी रोज. आता नाही. पण मोठा १२ चा असता तर मी आलो नसतो, हे अगदी स्पष्ट सांगतो.

तिरकस:

एकच विनंती. जा किंवा राहा, पण 'मुलांसाठी जातोय' किंवा 'मुलांसाठी राहिलोय' हे मुलांच्या देखत बोलू नका. माझ्या बापाने हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलंय की दहावीत ७८ टक्के पडले तेव्हा मला वाटलं मी यांचं अख्खं विमानाचं भाडं बुडवलं. तुम्हाला आई जवळ हवीये म्हणून जायचं असेल तर तसं म्हणा, त्यात लाजायचं काय?

दोन_बॅगा:

मी तुमच्या प्रश्नातलं ते मूल आहे, फक्त आता ३४ वर्षांचं. तुम्ही लिहिलंय 'परत जायचंच आहे हेच म्हणत आलोय' ते वाचून मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं, चांगल्या अर्थाने नाही.

मी ५ वर्षांची असताना आम्ही बाहेर गेलो, 'तीन वर्षांसाठी'. आईबाबा अजून तिकडेच आहेत. म्हणजे हिशोब करा. माझं लहानपण परदेशात गेलं की मायदेशात याने मला फार फरक पडला असं वाटत नाही. फरक पडला तो आम्ही कधीच कुठे राहत नव्हतो याने. कुत्रा पाहिजे, नको, आपण जाणार आहोत. भिंतीला रंग, नको, घर भाड्याचं आहे आणि आपण जाणार आहोत. पियानो शिकायचा होता तर बाबा म्हणाले एवढी जड वस्तू तिकडे न्यायची कशी. गेस्टरूमच्या कपाटावर दोन मोठ्या बॅगा कायम असायच्या आणि त्यात 'तिकडे न्यायच्या' वस्तू साठत जायच्या, चादरी, मिक्सरचं भांडं, एकदा तर नळ. त्या बॅगा आईने गेल्या वर्षी रिकाम्या केल्या आणि त्यात माझा तिसरीतला स्वेटर निघाला, लेबलसकट. 'तिकडे गेल्यावर घाल' म्हणून ठेवलेला.

आणि मैत्रिणी. मी सातवी-आठवीपर्यंत कोणाशी घट्ट मैत्रीच केली नाही, कारण पुढच्या वर्षी जाणारच होतो. कोणी मला असं करायला सांगितलं नव्हतं, मुलं आपोआप शिकतात हे.

लोक मला 'थर्ड कल्चर किड', म्हणजे आईबापांच्या देशाबाहेर वाढलेलं मूल, वगैरे म्हणतात. अवांतर, हा शब्द कुठून आला माहितीये का? रूथ हिल यूसीम नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या, त्यांनी तो वापरात आणला. म्हणजे आपल्याकडे येऊन राहिलेल्या गोऱ्या मुलांसाठीचा शब्द आता आमच्या गळ्यात. पण त्या मुलांना निदान माहीत असायचं की बाबांचं पोस्टिंग अमुक साली संपणार. आमच्याकडे तारीखच नव्हती.

तर ताई, तुम्ही काय ठरवावं ते मी सांगणार नाही, पण जे ठरेल ते मुलीला पूर्ण वाक्यात सांगा. 'बघू' नको. राहायचं ठरलं तर कुत्रा आणा. आणि नवऱ्याचं ते 'अजून दोन वर्षं' आहे ना, त्याला हे पोस्ट वाचायला द्या.

अर्धविराम:

दोन_बॅगा, आमच्याकडे बॅग एकच आहे पण आहे. त्यात कुकरच्या शिट्ट्या आहेत. काल रात्री नवऱ्याला वाचायला दिलं, काही बोलला नाही, नंतर उठून कपाटाकडे बघून आला.

मुक्काम_पोस्ट, 'अनुक्रमे' वाचून पोटात गोळा आला कारण आमच्या मुलीला तर बोलताही नीट येत नाही, समजतं बरंच. मग तिचं काय होईल?

चौथीची_आई:

आम्ही ठरवून राहिलोय, परतायचं नाही हे लेकीच्या जन्माआधीच ठरलं, त्यामुळे मी फक्त भाषेवर लिहिते, बाकीच्यावर बोलायचा मला हक्क नाही.

आधी एक वाईट बातमी. आत्ता समजतं बरंच, म्हणजे आत कुठेतरी पक्कं बसलंय, असं धरून चालू नका. फ्रान्समध्ये २००३ साली एक अभ्यास झाला होता, ३ ते ८ वर्षांच्या वयात कोरियातून दत्तक आलेली मुलं मोठी झाल्यावर तपासली. त्यांना कोरियन वाक्य इतर परक्या भाषांमधून ओळखतासुद्धा येईना. आठव्या वर्षापर्यंत आख्खी भाषा बोलत असणार काही जण, आणि सगळी गेली. अर्थात त्यांचा संपर्क एकदम तुटलेला होता, आपल्या मुलांचं तसं नसतं, पण सांगायचा मुद्दा हा की लहानपणी आलेली भाषा बँकेतल्या ठेवीसारखी पडून राहत नाही.

आता बरी बातमी. दोन भाषांनी पोर गोंधळतं, उशिरा बोलतं वगैरे जे सांगतात त्याकडे लक्ष देऊ नका. झ्यूल रोंजा नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञाने १९१३ मध्येच आपल्या पोराची सगळी नोंद छापलीये, बाप फक्त फ्रेंच बोलायचा, आई फक्त जर्मन, आणि लुई दोन्ही छान शिकला. तेव्हापासून लोक 'एक पालक एक भाषा' करतायत.

मात्र आपल्यासारख्या घरात अडचण वेगळी असते आणि ती मला फार उशिरा कळली. आम्ही घरी मराठीच बोलायचो, अभिमानाने सांगायचे मी. एक दिवस मनातल्या मनात नोंद ठेवली की मी लेकीशी दिवसभर काय बोलले. ऊठ. आवर. चल. दात घास. किती वेळा सांगितलं. बूट कुठेत. जेव. पसारा आवर. झोप. संपली मराठी! गमतीच्या गोष्टी, गुपितं, भांडणं, डायनासोर, सगळं शाळेच्या भाषेत आणि हुकूम तेवढे मराठीत. मी पोर असते तर मी पण नसते बोलले अशा भाषेत.

मग काय केलं? 'मराठीत बोललीस तरच उत्तर देईन' हे करून बघितलं, चार दिवसांत ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली, ते लगेच सोडलं. शनिवारचा वर्ग लावला, ठीक होता, अक्षरं आली, गोडी नाही आली. चालली ती एक गोष्ट. तिसरीच्या सुट्टीत तिला सात आठवडे माझ्या बहिणीकडे ठेवलं, आम्ही दोघंही परत आलो. तिथे तिच्याच वयाचा मावसभाऊ आणि त्याची गँग, आणि त्यांना हिची भाषा येत नव्हती म्हणजे नव्हतीच. पहिला आठवडा रडून फोन. तिसऱ्या आठवड्यात फोनवर यायला वेळ नाही. सात आठवड्यांनी घ्यायला गेले तर बाईसाहेब शिव्या देत होत्या. अस्खलित. मी इतकी खूश झाले की ओरडायचंच विसरले.

तुमच्या आईला हत्तीची थाप मारते ना पोरगी, मला तर तीच आशेची जागा वाटते. तिला आजीशी खेळायचंय. आजीला सांगा पुढच्या वेळी हसू नको, विचार की हत्ती कोणत्या दारातून आला.

रातकिडा:

चौथीची_आई, छान लिहिलंय. फक्त कोरियन अभ्यासाबद्दल थोडी भर, नाहीतर लोक घाबरतील. २०१४ मध्ये कॅनडात चीनमधून बाळपणीच दत्तक आलेल्या मुलींवर असंच काम झालं. त्या फक्त फ्रेंच बोलतात, चिनी एक शब्द येत नाही, पण चिनी भाषेतले सूर ऐकवले तर मेंदूचा प्रतिसाद चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच आला. म्हणजे भाषा जाते पण अगदी पाटी कोरी होत नाही. बाकी बूट कुठेत बद्दल +१.

कागदपत्री:

भावना बाजूला ठेवून थोडं रुक्ष बोलतो, कारण भावनेच्या भरात परतलेले आणि मग माझ्याकडे फाइल घेऊन आलेले लोक मी बघितलेत.

मुलांचा जन्म इकडचा म्हणजे नागरिकत्व इकडचंच असं नसतं. कॅनडात जन्मलं की मिळतं, जपानात आईबाप दोघंही परदेशी असतील तर नुसत्या जन्माने मिळत नाही. तुमच्या मुलांकडे नक्की कोणता पासपोर्ट आहे आणि दोन देशांचं नागरिकत्व एकत्र चालतं का ते आधी बघा, बऱ्याच देशांत चालत नाही. तुमच्या स्वतःकडे कायम वास्तव्याचा परवाना असेल तर तो 'कायम' शब्दावर जाऊ नका. ब्रिटनचाच घ्या, साधारणपणे सलग २ वर्षांहून जास्त बाहेर राहिलात की गेला. म्हणजे 'जाऊन बघू, नाही जमलं तर परत येऊ' याला किती दिवसांची मुदत आहे ते माहीत पाहिजे.

दुसरं, लोकांचा एक लाडका प्लॅन असतो, आत्ता मुलं तिकडे वाढवू आणि कॉलेजला इकडे पाठवू, पासपोर्ट आहेच, फी कमी पडेल. प्रत्येक ठिकाणी नाही हो. ब्रिटनमध्ये स्थानिक फी लागायला कोर्सच्या आधीची ३ वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं, नुसता पासपोर्ट दाखवून भागत नाही. आणि मुलगा असेल तर काही देशांत सक्तीची लष्करी सेवा आहे, सिंगापूर, दक्षिण कोरिया. अडीच वर्षांचं पोर बघून हे सुचत नाही कोणाला.

तिसरं जरा नाजूक. तुम्ही लिहिलंय दोघांचं एकमत नाही. कधीकधी एक जण वैतागून मुलांना 'सुट्टीला' म्हणून घेऊन जातो आणि मग परत येतच नाही. हे करू नका, मनात पण आणू नका. १९८० चा हेग करार याच्यासाठीच आहे, दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय मूल दुसऱ्या देशात ठेवून घेतलं तर १६ वर्षांखालचं मूल जिथे नेहमी राहत होतं तिथे परत पाठवायचं आणि ताब्याचं भांडण तिथल्या कोर्टात सोडवायचं असं त्याचं सूत्र. सगळे देश त्यात नाहीत, आणि जिथे नाहीत तिथे तर वर्षानुवर्षं भिजत घोंगडं. मी तुमच्याबद्दल म्हणत नाहीये, वाचणारे इतरही असतात.

तिरकस:

कागदपत्री, तुमच्याशी लग्न करणाऱ्या व्यक्तीने करारनामा आधी वाचला होता का?

कागदपत्री:

वाचला होता. तीन दुरुस्त्याही सुचवल्या. मान्य कराव्या लागल्या.

दोघांचे_दोन:

सगळे 'मायदेश' म्हणतायत ते वाचून हसू येतंय कारण आमच्या घरी प्रश्नच हा असतो की कोणाचा. मी मराठी, बायको दुसऱ्या देशाची, आणि राहतो तिसऱ्याच देशात. पोराला कोणी विचारलं तू कुठला की तो आधी विचारणाऱ्याकडे बघतो, त्याला किती वेळ आहे ते.

मला विचाराल तर एक गोष्ट करा, मुलीला विचारा. ठरवायला सांगू नका, ७ वर्षांच्या पोरावर तेवढं ओझं टाकायचं नसतं, पण विचारा. युनोच्या १९८९ च्या बालहक्क करारात सुद्धा आहे की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, आणि त्यातच पुढे शिक्षणाबद्दल म्हटलंय की जिथे मूल राहतं त्या देशाबद्दलही आदर वाटला पाहिजे आणि जिथून ते आलंय त्याबद्दलही. हे माझ्या सासूबाईंना मी छापून दिलंय, त्यांनी अजून वाचलेलं नाही.

आम्ही पोराला विचारलं होतं तेव्हा त्याने दोन देशांची तुलना वगैरे काही केली नाही. म्हणाला माझी सायकल येणार का. आम्ही म्हटलं नाही, तिकडे नवीन घेऊ. तर म्हणाला मग मला नाही यायचं. आम्हाला वाटलं पोरकटपणा, पण ती सायकल त्याला शेजारच्या आजोबांनी दुरुस्त करून दिली होती. विचारल्याशिवाय ते आम्हाला कधी कळलंच नसतं.

अर्धविराम:

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार, तिरकस यांचे सुद्धा.

लेकीला विचारलं. आम्ही दोघं समोर बसलो, टीव्ही बंद केला, नवऱ्याने छान प्रस्तावना केली. सगळं ऐकून घेतलं तिने आणि मग विचारलं, 'बाळ पण येणार आहे का?' आम्हाला कळेना असं का विचारतेय. हळूहळू उलगडलं ते असं की रात्री आमची भांडणं चालायची ती दाराआडून ऐकत होती, अर्धी समजत होती अर्धी नाही, आणि तिने असं जुळवलं होतं की तिला मराठी येत नाही म्हणून तिला एकटीला आजीकडे पाठवणार आहेत. किती दिवस हे मनात धरून बसली होती कोण जाणे. त्या हत्तीच्या थापा पण तेव्हापासूनच्या असतील का असा विचार आला मनात, विचारायची हिंमत झाली नाही.

त्या रात्री आम्ही भांडलो नाही. नवरा म्हणाला मला माझ्या कारणासाठी जायचंय, बाबांना आता एकटं सुधरत नाही, आणि मला ते बोलायला लाज वाटत होती. मी म्हटलं मला माझी आई हवीये. मग विषय फार उरलाच नाही.

तर जातोय. कंपनीने हजर व्हायची तारीख शाळेच्या सत्राशी जुळवून दिली, पगारावर अडून बसलो नाही म्हणून दिली असं नवरा म्हणतो. खालच्याच वर्गात बसवणार आहोत, तिचं वर्ष गेलं तर गेलं. मुलीचं परदेशात जाणं आहे हे धरूनच चालतोय. तिच्या दोन मैत्रिणींच्या आईबाबांशी बोलून ठेवलंय, पुढच्या सुट्टीत एक जण आमच्याकडे येणार आहे. परत यायचं झालं तर किती महिन्यांच्या आत यावं लागेल ते कागदपत्री यांच्या सल्ल्याने काढून ठेवलंय पण फ्रिजवर चिकटवलेलं नाही, नाहीतर परत तेच सुरू होईल.

आईला मी सांगितलं होतं की हसू नकोस, प्रश्न विचार. या रविवारी लेकीने सांगितलं वर्गात मगर आली. मी मधे बसून भाषांतर केलं. आई म्हणाली, मगर तर पाण्यात असते, तुमच्या वर्गात पाणी कुठून आलं? लेक गप्प. मग पाच मिनिटं विचार करून 'नळ' म्हणाली. नळ. मराठीत.

मुक्काम_पोस्ट, शाळा सोडल्याच्या दाखल्याबद्दल तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, जरा बघता का? इकडची शाळा असा काही कागद देतच नाही म्हणते.

मुक्काम_पोस्ट:

पाहिला. दाखला देत नसतील तर शाळेच्या लेटरहेडवर एवढंच लिहून घ्या की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक इयत्तेत होती. सही शिक्का. मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाची नोंद सुद्धा मूळ प्रत घ्या, आणि हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. आमचं सामानाबरोबर गेलं होतं, दोन महिने बंदरात अडकलं.